आश्रयाची भाषा : वऱ्हाडातील अल्पभाषिक स्त्रिया आणि 'कौटुंबिक घटना अहवाल'

१

कल्याणकारी कायद्याची समीक्षा करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. कायदा काय देऊ करतो, हा पहिला प्रश्न. आणि जिला ते द्यावयाचे तिच्यापर्यंत तो कोणत्या शब्दांतून पोचतो, हा दुसरा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचा ऊहापोह विधिज्ञांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी पुष्कळ केला आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः या कायद्याची सारी यंत्रणा एका कथनापासून सुरू होते. घर सोडून आलेल्या स्त्रीने आपली हकीकत सांगावयाची, ती कुणी तरी लिहून घ्यावयाची, आणि त्या लेखी हकीकतीवर पुढचे संरक्षण, निवारा, पोटगी व मुलांचा ताबा हे सर्व अवलंबून राहावयाचे, अशी ही रचना आहे. तेव्हा सांगणारीची भाषा एक आणि लिहिणाऱ्याची दुसरी असेल, तर त्या रचनेच्या पायातच प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न वऱ्हाडात किती निकट आहे, हे एका रस्त्यावरून ध्यानात येते. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणारा रस्ता वलगावावरून जातो. पेढी नदीच्या काठचे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गाडगे महाराजांच्या निर्वाणामुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावाजवळ त्यांचा देह पडला. हाच रस्ता पुढे परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा मेळघाटातून धारणीस पोचतो. धारणी ते अमरावती हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटरांचे आहे. या अंतरात भाषा अनेकदा पालटते. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील पाड्यांवर कोरकू बोलली जाते. धारणीच्या बाजारात हिंदीवर व्यवहार चालतो. घाट उतरल्यावर वऱ्हाडी सुरू होते. तिच्या जोडीला अचलपूर, वलगाव आणि अमरावती येथील मुसलमान वस्त्यांत उर्दू असते. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, कचेरीच्या दारात, या सर्वांहून निराळी अशी शासकीय मराठी भेटते. याच मुलखात फासेपारध्यांची गुजरातीला जवळ असलेली बोली आहे, अकोला-वाशीमकडे बंजाऱ्यांची गोरमाटी आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात निहाली ही कोणत्याही ज्ञात भाषाकुलात न बसणारी लहानशी भाषा आहे.

यांपैकी कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुलाच्या मुंडा शाखेतील, भारतातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या देशात सात लाखांहून अधिक भरली. गोरमाटीचे भाषक मात्र जनगणनेच्या वर्गीकरणात हिंदीच्या पोटात गणले जातात. म्हणजे एखाद्या जिल्ह्यात किती स्त्रियांना दुभाषाची गरज पडू शकेल, हे कोष्टकावरून सरळ कळण्याची सोय नाही. सेवा आखणाऱ्याला जी भाषा कोष्टकात दिसत नाही, ती त्याच्या योजनेतही येत नाही.

२

प्रथम या कायद्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेल्या या अधिनियमाने हिंसाचाराची व्याख्या शारीरिक माराच्या पलीकडे नेली. कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार सांगितले आहेत. कलम १७ ने स्त्रीला, मालकी नसली तरी, राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. अर्ज आल्यापासून सामान्यतः तीन दिवसांच्या आत पहिली सुनावणी ठेवावी आणि त्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकालात काढण्याचा प्रयत्न करावा, असे कलम १२ सांगते. आदेशाच्या प्रती विनामूल्य देण्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. संरक्षण आदेशाचा भंग केल्यास कलम ३१ अन्वये एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २००६ च्या नियमांनी तर अहवाल आधी दाखल झालेला नाही एवढ्या कारणावरून निवारागृहाने आसरा नाकारू नये, आणि स्त्रीची इच्छा असल्यास तिची ओळख उघड करू नये, असेही बजावले आहे. धर्म कोणता, जात कोणती, जमात कोणती, असा भेद या कायद्यात नाही. कोरकू स्त्रीला, पारधी स्त्रीला, वलगावातील मुसलमान स्त्रीला तो सारखाच लागू आहे.

या यंत्रणेचा आरंभ नियमांसोबतच्या पहिल्या नमुन्यापासून होतो. 'कौटुंबिक घटना अहवाल' या नावाचा हा नमुना संरक्षण अधिकाऱ्याने किंवा सेवा पुरविणाऱ्या संस्थेने भरावयाचा असतो. त्यात घटनांची वर्गवारी आहे : शारीरिक हिंसा, लैंगिक हिंसा, शाब्दिक व भावनिक छळ, आर्थिक हिंसा, हुंड्यावरून होणारा जाच. प्रत्येक वर्गाखाली संभाव्य कृत्यांची यादी आहे. शेवटी तक्रारदार स्त्रीची सही किंवा अंगठ्याचा ठसा घेतला जातो.

सहीऐवजी अंगठा चालतो, यात निरक्षर स्त्रीची सोय आहे, हे खरे. परंतु ज्या मजकुराखाली अंगठा उमटतो तो तिच्या भाषेत तिला वाचून दाखविलाच पाहिजे, असे बंधन हा नमुना स्वतः घालीत नाही. तिच्या हक्कांची माहिती देणाऱ्या चौथ्या नमुन्याविषयी नियम ८ मध्ये भाषेचा उल्लेख आहे. पण तो 'इंग्रजी किंवा स्थानिक देशी भाषा' एवढाच. स्थानिक भाषा कोणती? मेळघाटात ती कोरकू. राज्याच्या कारभारात, महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये, ती मराठी. नियमातील तो एक शब्द दोन्ही अर्थ सहन करतो, आणि जेव्हा शब्द दोन अर्थ सहन करतो तेव्हा कचेरी सोयीचा अर्थ घेते.

३

अल्पभाषिक स्त्रियांचा विचार करण्यापूर्वी या कायद्याची मराठी मराठीभाषक स्त्रीला तरी कितपत पोचते, हे पाहणे उचित होईल.

कायद्यातील मध्यवर्ती संज्ञा 'व्यथित व्यक्ती' ही आहे. जिच्यावर अन्याय झाला आणि जिला त्याची दाद मागण्याचा अधिकार पोचतो, अशी व्यक्ती मूळ कायद्याला अभिप्रेत आहे. परंतु मराठीत 'व्यथित' म्हणजे दुःखी, मनाने खंतावलेला. पुत्रवियोगाने माणूस व्यथित होतो. कुणाच्या कठोर शब्दानेही होतो. या शब्दात मनाची अवस्था आहे. अन्याय करणारा नाही आणि अधिकारही नाही. जी दावेदार आहे तिला भाषांतराने शोकाकुल केले आहे. 'अन्यायग्रस्त' हा शब्द कानाला जड वाटला तरी अर्थाने निकटचा होता. 'तक्रारदार बाई' ही बोलण्यातली जोडणीही चालली असती.

'समुपदेशन' ही दुसरी संज्ञा. तिच्यात 'उपदेश' स्पष्ट ऐकू येतो. सासरहून आलेल्या स्त्रीला उपदेश कोणता होतो, हे मराठी समाजाला सांगावयास नको. 'समजूत काढणे', 'समजावून परत धाडणे' या क्रियांशी तिच्या मनात हा शब्द जाऊन बसतो. तेव्हा समुपदेशकाची खोली ही तिला परत पाठविण्याची खोली वाटली, तर तो तिचा गैरसमज म्हणता येणार नाही. शब्दाने दिलेला अर्थच तिने घेतला आहे.

'हिंसा' या शब्दाचीही तीच गत. मराठी बोलीत हिंसा होते ती प्राण्यांची. घरात होते ती मारझोड, जाच, छळ. आणि या सर्वांना पोटात घेणारा जो शब्द मराठीने घडविला तो 'सासुरवास'. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. मुळात तो केवळ 'सासरी राहणे' एवढाच अर्थ देतो. पण व्यवहारात त्याचा अर्थ जाच असा झाला. सासरी राहणे आणि जाच सोसणे या दोन गोष्टी भाषेने एकच मानल्या. ज्या भाषेत राहण्याचे आणि सोसण्याचे नाव एक आहे, त्या भाषेत 'तुमच्यावर हिंसाचार होतो काय?' या प्रश्नाला 'नाही, सासुरवास आहे' असे उत्तर आले, तर नमुना भरणाऱ्याने कोणत्या चौकटीत खूण करावी?

घर सोडून येण्याच्या क्रियेला तर मराठीत सन्मानाचे क्रियापदच नाही. 'पळून गेली' म्हटले की परपुरुष सूचित होतो. 'रागाने निघून गेली' म्हटले की दोष तिच्या रागाकडे जातो. 'टाकलेली' किंवा 'परित्यक्ता' म्हटले की कर्ता नवरा होतो आणि ती वस्तू. 'नांदविणे' हे प्रयोजक क्रियापदही त्याच जातीचे : नवरा नांदवितो, बायको नांदते. जीव वाचविण्यासाठी, मुलांना घेऊन, स्वतःच्या निर्णयाने बाहेर पडलेली स्त्री या क्रियापदांत कोठेच कर्त्याच्या जागी येत नाही. कचेरीतला लेखक दुष्ट असतो असे नव्हे. पण हाताशी असलेल्या क्रियापदांनीच तो लिहितो, आणि ती क्रियापदे निःपक्ष नसतात.

मराठीत स्त्रीच्या तक्रारीची भाषाच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. वऱ्हाडातीलच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध केला. घरातल्या बोलण्यातले शब्द, वाक्प्रचार व टोमणे यांतूनच त्यांनी आपला युक्तिवाद उभा केला. स्त्रीचे रोजचे बोलणे हे केवळ गाऱ्हाणे नसून प्रतिपादनही असू शकते, हे त्या ग्रंथाने सिद्ध केले. पुढे सव्वाशे वर्षांनी कायद्याची मराठी घडविताना त्या भांडाराकडे कुणी वळले नाही. संस्कृतोद्भव प्रतिशब्द शोधण्याच्या रूढ वाटेनेच परिभाषा आली, आणि ज्यांच्यासाठी ती आली त्यांनाच ती परकी झाली.

४

मराठीच्या घरातच ही अवस्था असेल, तर बोली आणि अन्य भाषा यांतून कथन उतरताना काय होत असेल, याचा अंदाज करता येतो. पण येथे अंदाजावर थांबण्याचे कारण नाही. व्याकरणाचीच उदाहरणे देता येतात.

वऱ्हाडीत चालू क्रिया 'राहणे' या सहायक क्रियापदाने सांगतात. 'तो मारून रायला' म्हणजे तो मारतो आहे. प्रमाण मराठीच्या सवयीने ऐकणाऱ्याला या वाक्यात झालेली, संपलेली क्रिया ऐकू येण्याचा संभव असतो, आणि कागदावर 'त्याने मारले' असे उतरते. हा भेद व्याकरणापुरता राहत नाही. एकदा मारले आणि मारणे चालू आहे, यांत संरक्षण आदेशाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. तातडीचा, एकतर्फी अंतरिम आदेश देता येतो तो कलम २३ अन्वये. आणि त्यासाठी हिंसाचार घडत असल्याचे, घडल्याचे किंवा घडण्याचा संभव असल्याचे प्रथमदर्शनी दिसावे लागते. स्त्रीने चालू असलेला धोका सांगितला आणि अहवालात होऊन गेलेली घटना आली, तर तिच्या अर्जातील तातडीच निघून जाते. ज्या स्त्रीची भाषा मराठीच मानली जाते, तिच्या बाबतीतही ही गळती संभवते.

कोरकूचे व्याकरण याहून दूरचे आहे. 'कोरकू' हे नावच तिच्या वचनव्यवस्थेचे उदाहरण आहे : 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. पण एकवचन आणि अनेकवचन यांखेरीज या भाषेत द्विवचन आहे, आणि उत्तमपुरुषी सर्वनामांत ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून असा भेदही आहे. हा दुसरा भेद मराठीला 'आपण' व 'आम्ही' यांमुळे परिचित आहे; पहिला मात्र मराठीने केव्हाच गमावला. आता एखादी स्त्री सांगते की, त्या रात्री 'आम्ही' रानात होतो. कोरकूत तिने द्विवचन वापरले असेल, तर ती आणि आणखी एक जीव, इतके नेमके विधान त्यात आहे. मराठीतल्या 'आम्ही'त दोघे असतील, पाच असतील. मुलांपैकी किती तिच्यासोबत निघाली आणि किती मागे राहिली, ही गोष्ट ताब्याच्या आदेशासाठी निर्णायक ठरू शकते. तिने ती सांगितलेली असते, आणि कागदावर ती आलेली नसते. पुढे उलटतपासणीत तिने संख्या सांगितली की 'हे आधी सांगितले नव्हते' असा आक्षेप घेतला जातो. सांगितले होते, सर्वनामात सांगितले होते.

समाजरचनेचा फरकही असाच यादीच्या बाहेर राहतो. अहवालाच्या नमुन्यात हुंड्यासाठी स्वतंत्र वर्ग आहे. परंतु वऱ्हाडातील कित्येक आदिवासी समाजांत प्रथा वधूमूल्याची आहे. पैसा मुलीच्या बापाकडे जातो. तेथे स्त्रीवर येणारे दडपण उलट दिशेचे असते : ती घर सोडील तर दिलेले परत करावे लागेल, ही धास्ती माहेरालाही बांधून ठेवते, आणि माहेरचे दारच बंद होते. हा आर्थिक छळच होय. कलम ३ च्या विस्तृत व्याख्येत तो बसविताही येईल. पण नमुन्याच्या यादीत तो नसल्यामुळे त्याविषयी विचारले जात नाही. मुसलमान स्त्रीच्या बाबतीत आर्थिक हिंसेच्या संदर्भात येणारा 'स्त्रीधन' हा शब्द असाच आड येतो. हिंदू विधीतील ही संज्ञा वाचून आपला मेहेर किंवा लग्नात मिळालेले दागिने यांचा येथे संबंध आहे, हे तिला उमगेलच असे नाही. वस्तुतः स्त्रीच्या स्वतःच्या मालकीची कोणतीही मालमत्ता व्याख्येत अंतर्भूत आहे.

यापुढे जाऊन एक गोष्ट भाषेहून जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पारध्यांवर होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण पोलीस ठाण्याच्या दारात पारधी स्त्रीच्या मनात कोणती भीती जागी होते, याचा उलगडा त्या इतिहासावाचून होत नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस यंत्रणेच्या आवारातच स्त्रिया व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि पुढे हा प्रयोग महाराष्ट्रभर पसरला. ठाण्यातील सत्ता स्त्रीच्या बाजूने वळविण्याची ही कल्पना मोलाची आहे. मात्र ज्या समाजांना ठाणे हेच भयस्थान आहे, त्यांच्यासाठी निराळे दार लागते, हेही तितकेच खरे.

५

यावर एक आक्षेप येणार. या स्त्रिया बाजारात हिंदी बोलतात, त्यांची मुले आश्रमशाळेत मराठी शिकतात. मग अडते कोठे?

बाजाराची भाषा आणि दुःखाची भाषा एक नसते, हे त्याचे पहिले उत्तर. मीठ-मिरची घेण्यास, बसचे तिकीट काढण्यास पुरणारी हिंदी ही लैंगिक अत्याचाराची हकीकत परक्या माणसासमोर सांगण्यास पुरत नाही. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. आईला मराठी येत नसेल आणि मुलाला येत असेल, तर दुभाषा म्हणून मूलच पुढे केले जाते. बापाने आईला काय केले, हे दहा-बारा वर्षांच्या मुलाने आईच्या तोंडून ऐकावयाचे आणि परक्या भाषेत अधिकाऱ्याला सांगावयाचे! आई मुलासमोर सर्व सांगत नाही; मूल ऐकलेले सर्व सांगत नाही. अहवाल अपुरा राहतो ही त्यातली लहान हानी. मुलावर जो भार पडतो ती मोठी. शिवाय तात्पुरत्या निवाऱ्यात आईबरोबर राहू शकणाऱ्या मुलग्यांना वयाची मर्यादा असते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'सखी' या एकथांबा केंद्राच्या योजनेत प्रारंभीच्या सूचनांनुसार ती आठ वर्षांची होती. मर्यादा थोडी मागेपुढे झाली तरी परिणाम एकच : जो थोरला मुलगा आईची वाचा झाला, तोच निवाऱ्याच्या दारात तिच्यापासून वेगळा होण्याचा संभव.

दुसरा हाताशी असलेला दुभाषा म्हणजे नातलग किंवा गावचा पुढारी. लहान समाजात तो बहुधा नवऱ्याचाही नातलग असतो. तो भाषांतर करीत नाही, तडजोड करतो. येथे बाहेरच्या देशाचा एक अनुभव उपयोगी पडतो. लंडनच्या पश्चिमेस साउथॉल या भागात १९७९ साली 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संस्था आशियाई व आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांनी स्थापन केली. नवऱ्याच्या छळानंतर त्याच्या मृत्यूस कारण झालेल्या किरणजित अहलुवालिया यांच्यासाठी या संस्थेने मोठी चळवळ केली. १९९२ मध्ये त्यांची खुनाची शिक्षा अपील न्यायालयाने रद्द केली आणि त्याच वर्षी त्यांची सुटका झाली. या संस्थेचे प्रतिपादन दुहेरी होते. अल्पसंख्य स्त्रीला तिच्या भाषेत, तिची परिस्थिती जाणणाऱ्या स्त्रीकडून साहाय्य मिळाले पाहिजे, हे एक. आणि संस्कृतीचा मान राखण्याच्या नावाखाली तिचा प्रश्न समाजाच्या पुढाऱ्यांच्या हाती सोपवू नये, हे दुसरे. भाषा आपली हवी, पण पंच नको. मेळघाटातील जातपंचायत आणि साउथॉलमधील समाजनेते यांत अंतर पुष्कळ असले, तरी प्रश्नाचा आकार तोच आहे.

म्हणून दुभाषा कोणीही चालणार नाही. तो भाषा जाणणारा हवा, नात्याबाहेरचा हवा, गुप्ततेस बांधलेला हवा, आणि त्याला नाकारण्याचा अधिकार त्या स्त्रीकडे हवा. असा दुभाषा उभा करणे अशक्य आहे काय? भारतीय कायद्यातच याचे उत्तर मिळते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ मध्ये, बालकाला न समजणाऱ्या भाषेत मजकूर लिहिला जात असेल तर त्याला भाषांतरकार किंवा दुभाषा पुरविला पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. २०२० च्या नियमांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अशा दुभाषांची नोंदवही ठेवण्याचे काम दिले. दुभाषाची पात्रता ठरवितानाही त्या नियमांनी पदवीचा हट्ट धरला नाही. ती भाषा त्याची मातृभाषा असेल, किंवा व्यवसायाने अथवा त्या प्रदेशातील वास्तव्याने त्याने ती मिळविली असेल, तरी पुरे. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने ही तरतूद समंजस आहे. कारण कोरकूची पदवी कोण देणार, आणि ती असणारा पाड्यावर कसा मिळणार?

तेव्हा स्थिती अशी आहे की, त्याच घरातून, त्याच रात्री, त्याच बसने आलेल्या आई व मुलीपैकी मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तिला दुभाषा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. आणि मार खाल्लेल्या आईसाठी २००५ च्या अधिनियमात तसा शब्द नाही. या विसंगतीचे समर्थन करणारे कोणतेही तत्त्व सापडत नाही. २०११ च्या इस्तंबूल कराराने युरोपात साहाय्यसेवांची माहिती स्त्रीला समजणाऱ्या भाषेत देण्याचे कर्तव्य राज्यांवर घातले. भारताला त्यासाठी परदेशी कराराचीही गरज नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येक व्यक्तीला, कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी, संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे निवेदन करण्याचा हक्क दिलेला आहे. त्या अनुच्छेदात 'राजभाषेत' असे म्हटलेले नाही. 'वापरल्या जाणाऱ्या भाषेत' असे म्हटले आहे. कोरकू ही महाराष्ट्रात वापरली जाणारी भाषा आहे, याविषयी दुमत संभवत नाही.

६

वरील चिकित्सेतून काही गोष्टी निष्पन्न होतात. त्यांपैकी बहुतेकांना नव्या कायद्याची गरज नाही.

पहिली गोष्ट, कौटुंबिक घटना अहवालात स्त्रीची भाषा कोणती आणि हकीकत कोणत्या भाषेत घेतली, यांसाठी दोन रकाने असावेत. भाषा नोंदली गेली की गरज मोजता येते. दुसरी गोष्ट, हकीकतीतला गाभ्याचा भाग तिच्याच शब्दांत, तिच्याच भाषेत, देवनागरीत उतरवावा आणि त्याखाली मराठी द्यावी. कोरकू देवनागरीत लिहिली जाते. पारधी व गोरमाटीही लिहिता येतात. मूळ शब्द कागदावर राहिले, तर भाषांतरातील चूक पुढे सुधारता येते. ते राहिले नाहीत, तर चूक हाच पुरावा ठरतो. तिसरी गोष्ट, अंगठा घेण्यापूर्वी मजकूर तिच्या भाषेत वाचून दाखविला, असे प्रमाणपत्र दुभाषाच्या सहीने जोडावे. चौथी, बालकांसाठी असलेली जिल्ह्याची दुभाषा-नोंदवही या स्त्रियांसाठीही खुली करावी. आणि मुलाला किंवा नातलगाला दुभाषा म्हणून घेऊ नये, असा स्पष्ट निर्देश असावा.

पाचवी गोष्ट विद्यापीठांकडे येते. कोरकू व मराठी, पारधी व मराठी, गोरमाटी व मराठी असे लहान शब्दसंग्रह तयार झाले पाहिजेत. त्यांत पिकांची आणि पक्ष्यांची नावे नसली तरी चालतील, पण मार, धमकी, संशय, उपासमार, कोंडून ठेवणे, मुले हिरावून घेणे यांसाठी त्या भाषांत स्त्रिया कोणते शब्द वापरतात, हे असले पाहिजे. कोरकूच्या अभ्यासाला परंपरा आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ मधील चौथ्या खंडात तिचे वर्णन आहे, आणि नॉर्मन झाइड यांनी १९६० च्या सुमारास तिच्या ध्वनिव्यवस्थेचा व रूपविचाराचा अभ्यास केला. वर्णन झाले, उपयोग राहिला. अमरावतीत १९८३ पासून विद्यापीठ आहे, आणि जिल्ह्यातीलच रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे. मराठीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने मराठीच्या दारात अडखळणाऱ्या भाषांचाही विचार करावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

वलगावाजवळ ज्यांची यात्रा संपली त्या गाडगे महाराजांनी निराश्रितांसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि कीर्तनात श्रोत्यांना त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारले. आसरा देणे आणि समजेल अशा भाषेत बोलणे, ही दोन कामे त्यांच्या ठायी वेगळी नव्हती. आजच्या सेवायंत्रणेत ती वेगळी झाली आहेत. निवारागृहाची खोली, संरक्षण अधिकाऱ्याचे पद, १८१ हा मदतीचा क्रमांक, हे सर्व आवश्यक आहे. पण क्रमांक फिरविल्यावर पलीकडून येणारे पहिले वाक्य तिला समजले नाही, तर तिच्या दृष्टीने तो क्रमांक नाही असेच होते. मेळघाटातून मुलांना घेऊन निघालेल्या स्त्रीने दीडशे किलोमीटरांचे अंतर स्वतः तोडलेले असते. तिचे शब्द आणि कचेरीचा कागद यांमधील अंतर तोडण्याचे काम राज्याचे आहे. आणि ते कोठे कोठे तुटते, हे दाखविण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांचे.